वरचा एकशेवीस, खालचा विचारू नका

मालवणच्या किनाऱ्यावर एखादं जुनं आऊटबोर्ड इंजिन सुरू होईनासं झालं, की पाच मिनिटांत त्याच्याभोवती जेवढी माणसं जमतात तेवढी ग्रामसभेलाही जमत नाहीत. ग्रामसभेत काहीजण निदान सही करून निघून जातात. इथे तसं नसतं. आलेला प्रत्येक माणूस दोरीला एक हिसका देऊन बघतो, खांदा चोळतो, आणि पुढच्याचा हिसका कसा चुकतोय हे समजावून सांगायला थांबतो.

मुहूर्तही ठरलेला असतो. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. तारकर्ली-देवबागच्या पर्यटकांच्या होड्या तर पावसाची चाहूल लागताच वर ओढून ठेवलेल्या असतात. या सगळ्या काळात इंजिन मालकाच्या पडवीत गोणपाटाखाली मुक्कामाला असतं. ठेवण्याआधी गोड्या पाण्याने आतून धुवायचं, उरलेलं पेट्रोल काढून टाकायचं, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून ठेवायचं, हे सगळं मालकाला तोंडपाठ असतं. तो ते दुसऱ्याला सांगतोही. स्वतःचं मात्र "उद्या करूया" म्हणेपर्यंत पाऊस येतो, आणि पाऊस आला की मग पाऊस गेल्यावरच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ मिळतो, इंजिनाला जास्वंदीचं फूल आणि दोन अगरबत्त्या मिळतात. मग दोरी ओढली जाते. पहिल्या ओढीला काही होत नाही. दुसऱ्या ओढीला फूल खाली पडतं.

"प्लग बदल," पहिला सल्ला येतो.

"प्लग कालच घातलंय. नवो."

"मगे तो नवोच खराब आसतलो."

दुसरा म्हणतो, पेट्रोलात पाणी गेलं. तिसऱ्याला कार्बोरेटरचा संशय असतो. त्याला सगळ्याच बाबतींत कार्बोरेटरचा संशय असतो. चौथा फक्त "गेल्या वर्षी विकून टाकला आसतंस तर" एवढंच म्हणतो आणि वाक्य पुरं करत नाही. या गदारोळात, उलट्या होडीवर बसून तंबाखू मळत असलेले एक आजोबा चिमूट ओठात सरकवतात आणि निकाल देतात:

"ह्याचां कंप्रेशन गेलां."

सगळे गप्प होतात. या निदानाची गंमत अशी, की ते कुणाला खोडून काढता येत नाही. प्लग बाहेर काढून दाखवता येतो, पेट्रोल बाटलीत ओतून पाणी तळाशी बसलेलं दाखवता येतं. कंप्रेशन ना दिसतं, ना वास येतो. शिवाय ते जाण्यात कुणाचा दोष नसतो. पडवीत इंजिन तसंच ठेवणाऱ्या मालकाचाही नसतो. कंप्रेशन गेलं, देवाक काळजी.

प्रत्यक्षात प्रकरण फारसं गूढ नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, आतली हवा दाबतो, आणि ती दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगा, हेडखालचं गॅस्केट आणि प्लगचे आटे यांच्यातून कुठूनही निसटली नाही तर दाब टिकतो. रिंगा झिजल्या, काजळीने चिकटल्या, गॅस्केट उडालं किंवा सिलिंडरवर ओरखडे पडले की हवा पळवाट शोधते. किती पळते ते मोजायला प्लग काढून त्या भोकात एक गेज बसवायचा, दोरी ओढायची आणि सुई कुठे थांबते ते वाचायचं. काम दहा मिनिटांचं. मात्र ते दहा मिनिटांत झाल्याचं किनाऱ्यावर कुणाच्या आठवणीत नाही.

गेज नसतो तेव्हा अंगठा असतो. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा, दुसऱ्याने दोरी ओढायची, आणि हवेने अंगठा उडवला तर कंप्रेशन आहे असं समजायचं. चाचणी जगभर करतात आणि अगदी मेलेलं इंजिन ओळखायला ती पुरतेही. अडचण एवढीच, की प्रत्येकाचा अंगठा वेगळा. जाळी ओढून ओढून ज्याच्या बोटांना घट्टे पडलेत तो म्हणतो, "कायव नाय ह्याच्यात." बँकेतला मेहुणा अंगठा झटकत म्हणतो, "बापरे, केवढा जोर आहे!" दोघांच्या अहवालांची सरासरी काढायची पद्धत अजून कुणी शोधलेली नाही.

अशा वेळी पुण्याहून गणपतीसाठी लवकर आलेला मालकाचा भाचा पुढे होतो. त्याने ऑनलाइन मागवलेला गेज आणलेला असतो. लाल प्लास्टिकची पेटी, आत प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खाचा, खाचांत १०, १२, १४ आणि १८ मिलिमीटरचे पितळी चकचकीत अडॅप्टर. त्यातला १४ चा खाचा तेवढा रिकामा असतो. जुन्या आऊटबोर्डांपैकी बहुतेकांना १४ चाच लागतो.

"मामा, पेटी उघडली तेव्हा होता," भाचा म्हणतो.

"आता खंय गेलो?"

तो वाळूत गेलेला असतो. पुढचा अर्धा तास गावातली जाणती माणसं ओणवी होऊन वाळू चाळतात. एक चमचा, दोन शिंपले आणि कधीकाळी हरवलेली एक किल्ली सापडते. शेवटी अडॅप्टर भाच्याच्या चपलेच्या टाचेत रुतलेला निघतो. तोवर गर्दी दुप्पट झालेली असते, कारण लांबून बघणाऱ्यांना वाटतं की कुणाची तरी सोन्याची वस्तू पडली.

या दुप्पट गर्दीत मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले काका असतात. कोकणात दर दोन वाड्यांमागे असे एक काका असतातच. त्यांची सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. मोठ्या मालवाहू जहाजाचं मुख्य इंजिन तीन-चार मजली उंच, सिलिंडरचा व्यास जवळजवळ मीटरभर, आणि फेरे मिनिटाला शंभराच्या आसपास. आता गंमत म्हणजे तेही टू-स्ट्रोक आणि मामांचं चाळीस हॉर्सपॉवरचंही टू-स्ट्रोक. त्यामुळे काकांना या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे असं काकांना वाटतं.

"आम्ही सिलिंडरच्या आत उतरून तपासायचो," ते सांगतात.

"मगे उतरा," मामा म्हणतात. त्यांच्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये उतरलेला नटसुद्धा नंतर बाहेर काढता येत नाही.

काम सुरू होतं. गेजच्या पुस्तकात पहिली सूचना असते: इंजिन आधी चालवून गरम करून घ्या. ही सूचना वाचून जमाव एकमेकांकडे बघतो. इंजिन चालवता आलं असतं तर गेज आणलाच कशाला असता? मग काका निवाडा करतात की थंड इंजिनावर आकडा थोडा कमी येईल, पण दोन्ही सिलिंडर सारखेच थंड असल्यामुळे तुलना करायला हरकत नाही. हे मात्र काकांचं शंभर टक्के बरोबर असतं, आणि म्हणूनच कुणी ऐकत नाही.

दुसरी सूचना: सगळे प्लग काढा. एकच काढला तर दुसरा सिलिंडर दाब धरून बसतो, इंजिन जड फिरतं आणि आकडा खोटा येतो. वरचा प्लग निघतो. खालचा खाऱ्या हवेने असा धरलेला असतो, की पान्ह्यावर पाइप चढवावा लागतो. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी, मध्ये मीठ. इथे थोडं ऑइल सोडून दम धरायचा असतो. दम कुणीच धरत नाही. "वायच जोरान!" असा पुकारा होतो, कर्र आवाज येतो, आणि प्लगबरोबर हेडमधले चंदेरी आटेही थोडे बाहेर येतात. यानंतर कंप्रेशन कमी आलं तर ते आधी गेलं होतं की आत्ता घालवलं, यावर वर्षभर वाद घालायची सोय होते.

तिसरी सूचना सगळ्यांत महत्त्वाची आणि म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. प्लगच्या तारा मोकळ्या लोंबकळत ठेवायच्या नसतात. दोरी ओढली की उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ फुर्रकन बाहेर येते, आणि त्याच वेळी मोकळ्या तारेतून ठिणगी उडते. दोघांची गाठ पडली तर कंप्रेशनचा प्रश्न कायमचा मिटतो. म्हणून तारा इंजिनाच्या धातूला नीट जोडून ठेवायच्या आणि किल स्विचची लाल दोरीवाली क्लिप काढून घ्यायची. भाचा क्लिप काढतो आणि खिशात टाकतो. तारा धरायला शेजारचा पोरगा मिळतो. "नुसती धरून ऱ्हव," असं त्याला सांगितलं जातं. पोरगा कुठलीही वस्तू दिली की धरून राहणाऱ्यांतला असतो. नशीब एवढंच की क्लिप आधीच निघालेली असते; नाहीतर त्या दिवशी पोराने होडीवरून पाण्यापर्यंतचं अंतर न पोहता पार केलं असतं.

चौथी सूचना: थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, म्हणजे सिलिंडरला पोटभर हवा मिळेल. पण बऱ्याच जुन्या इंजिनांत गिअर न्यूट्रलला असताना थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे जात नाही; ती सुरक्षेची सोय असते. मग एकजण कार्बोरेटरची कडी बोटाने उघडून धरतो. म्हणजे एका हाताने कडी धरणारा एक, तारा धरणारा एक, गेज वाचणारा एक, दोरी ओढणारा एक, सूचना देणारे अकरा, अशी पथकाची रचना होते.

आता दोरी. गेल्या तासाभरात ज्याने ती ओढली, त्याच्या अंगात तिचा जडपणा भिनलेला असतो. पाय रोवून, दात आवळून, तो सगळा भार मागे टाकतो. पण प्लग दोन्ही काढलेले. अडवायला पूर्वीएवढा दाबच उरलेला नाही. दोरी लोण्यातून यावी तशी येते आणि ओढणारा मागच्या माणसासकट, मागचा त्याच्या हातातल्या चहासकट, ओल्या वाळूत पाठीवर जातो. मागे उभं राहू नये हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ते लिहायची गरज पडेल असं लिहिणाऱ्याला वाटलं नसावं.

गेज मात्र आपलं काम चोख करतो. त्याच्या आत एकमार्गी झडप असते, त्यामुळे सुई चढते आणि चढलेली तिथेच थांबते. पहिल्या ओढीला ती ताडकन साठ-सत्तरावर जाते, दुसऱ्याला नव्वदीच्या पुढे, मग पायऱ्या लहान लहान होत जातात, आणि पाचव्या-सहाव्या ओढीला ती जागची हलत नाही. तो आकडा खरा. मग बाजूचं छोटं बटण दाबलं की अडकलेली हवा सुस्स करून सुटते आणि सुई शून्यावर येते. ही सुस्स ऐकायला लहान मुलं पुनःपुन्हा बटण दाबतात. त्यातलं एक तर आकडा वाचायच्या आधीच दाबून मोकळं होतं.

"किती झाला?"

"सात," पोरगा वाचून सांगतो.

मामांचा चेहरा पडतो. कुणीतरी तोंडाने च्च करतं. आजोबा तंबाखू थुंकून म्हणतात, "मी काय सांगलंय?" मग काका चष्मा लावून पुढे येतात. गेजच्या तबकडीवर आकड्यांच्या दोन रांगा असतात. बाहेरची पीएसआयमध्ये, तीनशेपर्यंत. आतली बारीक लाल, चौरस सेंटिमीटरला किती किलो ते सांगणारी, वीसपर्यंत. आतले सात म्हणजे बाहेरचे शंभर. पोराने लाल रांग वाचलेली असते, कारण लाल जास्त चांगलं दिसतं.

शंभर हा शब्द ऐकताच मामांना धीर येतो. शंभर चांगला आकडा आहे हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं असतं. तसं जुन्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डांत नव्वदपासून एकशेतीसपर्यंत काहीही योग्य असू शकतं. कुठल्या मॉडेलला किती, ते त्याच्या सर्व्हिस पुस्तकात बघावं लागतं. केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनाचं कंप्रेशन तर कंपनीच मुद्दाम कमी ठेवते, कारण जास्त दाबलं की केरोसीन ठोकायला लागतं. पण शेजारच्या वाडीतल्या पेट्रोलवाल्या इंजिनाचा आकडा एकशेवीस आला होता ही बातमी एव्हाना पोहोचलेली असते, आणि माणसाला आपला आकडा कधी पुस्तकाशी ताडायचा नसतो, शेजाऱ्याशी ताडायचा असतो.

मग खालच्या सिलिंडरची पाळी येते. खरी परीक्षा इथे असते, कारण कंप्रेशनमध्ये एकट्या आकड्याला तेवढं महत्त्व नाही, जेवढं दोघांतल्या फरकाला आहे. दोन्ही पंचाण्णव असले तर इंजिन वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. एक एकशेवीस आणि एक ऐंशी असला तर आत काहीतरी बिनसलंय. साधारण दहा टक्क्यांच्या आत फरक असावा, हा सर्वत्र मानला जाणारा हिशेब.

गेज खाली लावायला म्हणून भाचा वरची नळी फिरवून काढतो. नळी हातात येते. अडॅप्टर भोकातच राहतो. हे या पेट्यांचं जुनं दुखणं आहे. तो पितळी अडॅप्टर आता हेडमध्ये गुळगुळीत, गोल, बोटांना पकड न देता बसलेला असतो. पक्कड चालत नाही, कारण आत वाकडं जायला जागा नाही. शेवटी मिस्त्रींना निरोप जातो. मिस्त्री येतात, बघतात, कुणालाही काही न विचारता नळी पुन्हा त्यातच घट्ट पिळतात आणि सगळं एकत्र, हलक्या हाताने, एका दमात बाहेर काढतात. मग विचारतात, "कोणाचां हा ह्या खेळणां?"

खालचा आकडा येतो पंच्याऐंशी.

फरक पंधराचा. मामा मटकन होडीच्या काठावर बसतात. रिंगा, पिस्टन, बोअर, हेड खोलणं, मजुरी, सुट्या भागांसाठी मुंबईला फोन, सगळा खर्च त्यांच्या डोळ्यांसमोरून जातो. इकडे मिस्त्री फक्त एकच प्रश्न विचारतात: "वरच्याक दोरी कोणी मारली?"

वरच्याला मारली होती मामांच्या थोरल्याने. ताज्या दमाने, सहा वेळा. खालच्याची वेळ आली तेव्हा तो पाठीला वाळू आणि चहा लागल्यामुळे घरी गेला होता, आणि दोरी बँकेतल्या मेहुण्याने ओढली होती. तीन वेळा. तिसऱ्या वेळी अर्धीच. मिस्त्री स्वतः दोरी धरतात आणि सुई थांबेपर्यंत ओढतात. खालचा अठ्ठ्याण्णव भरतो. जगात अशी किती इंजिनं केवळ दुसऱ्या सिलिंडरच्या वेळी माणूस दमला म्हणून उघडली गेली असतील, त्याची नोंद कुठेच नाही. बटणावर सुरू होणाऱ्या इंजिनांत हीच करामत अर्धी उतरलेली बॅटरी करते.

या सगळ्या भानगडीचं मूळ शोधत गेलं तर ते अमेरिकेतल्या एका आइस्क्रीमपर्यंत पोहोचतं. ओले इव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, मिलवॉकीत स्थायिक झालेला यंत्रज्ञ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर सहलीला गेला असताना, त्याची भावी पत्नी बेस हिला आइस्क्रीम हवं झालं. ओले वल्ही मारत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेऊन वल्ही मारत परत आला, आणि तोवर आइस्क्रीमचं दूध झालेलं होतं, अशी ती कथा त्याच्या नावाबरोबर आजवर सांगितली जाते. होडीच्या मागे टांगायची मोटार त्याच्याआधीही कॅमेरन वॉटरमन नावाच्या अमेरिकनाने केलेली होती. पण ओलेची १९०९ मध्ये बाजारात आली आणि धंदा म्हणून जोरात चालली. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. जाहिरातीचा मजकूर बेसने लिहिला, आणि त्यात लोकांना वल्ही फेकून द्यायला सांगितलं. तो सल्ला मालवणात कुणीही मानलेला नाही. इथे चाळीस हॉर्सपॉवर मागे लावलेली असली तरी होडीच्या तळाशी एक वल्हं असतंच, आणि त्याचा उपयोग होत नाही असं कुणी म्हणत नाही.

ओलेच्या त्या मोटारीला दोरी नव्हती. चाकावर बसवलेली मूठ हाताने फिरवायची, आणि इंजिनाने झटका दिला की ती मूठ बोटांच्या पेरांवर आपटायची. कंप्रेशन आहे की गेलं हे मालकाच्या हाताला रोजच कळत होतं. शिवाय सिलिंडर एकच, त्यामुळे वरचा किती आणि खालचा किती हा प्रश्नच नव्हता. १९२१ च्या सुमारास ओलेनेच वजनाला हलकी अशी दोन सिलिंडरांची मोटार आणली. भावाभावांत डावं-उजवं करायची सोय तिथून झाली. इव्हिनरूड नावाची आऊटबोर्ड बनणं २०२० मध्ये थांबलं. पडवीतली जुनी मात्र अजून कुठे कुठे दोरीची वाट बघत उभी आहेत.

कंप्रेशन जातं कसं, याचं उत्तर मात्र मालकाला नको असतं. पुष्कळ टू-स्ट्रोक आऊटबोर्डांना पेट्रोलात ५० ला १ या प्रमाणात ऑइल लागतं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. किनाऱ्यावर हे माप बाटलीच्या बुचाने होतं, आणि बूच कुठल्या बाटलीचं त्यावर प्रमाण अवलंबून असतं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन घासतो. "जरा जास्त असलेलं बरं" म्हणून दुप्पट ओतलं तर काजळी धरते आणि रिंगा आपल्या खाचांत चिकटून बसतात. तिसरा मार्ग थंड पाण्याचा. इंजिन समुद्राचं पाणी खेचून स्वतःला थंड ठेवतं आणि ते चालू आहे याची खूण म्हणून मागून एक बारीक धार सोडतं. देवबागच्या उथळ पाण्यात वाळू उपसली गेली की पंपातला रबरी पंखा झिजतो. पर्यटकाने फेकलेली वेफर्सची पिशवी खालच्या जाळीवर बसली की पाणीच बंद होतं. धार थांबते. होडीवाल्याला ते दिसतं. पण समोर डॉल्फिन दिसलेला असतो आणि मागे बारा माणसांनी मोबाइल वर धरलेले असतात. तो डॉल्फिन मग हेड गॅस्केटच्या किमतीला पडतो.

आणि तरीही कंप्रेशनचं खरं नाट्य दुरुस्तीच्या वेळी रंगत नाही, ते रंगतं विक्रीच्या वेळी. जुनं इंजिन विकणं म्हणजे जवळजवळ मुलगी दाखवण्याचा जुन्या काळातला कार्यक्रम असतो. झाकणाला मेण लावलेलं, स्टिकर नवीन, गंजावर काळा रंग, आणि वयाबद्दल सगळे मोघम. गिऱ्हाईक पोहोचतं तेव्हा इंजिन कोमट असतं. "आत्ताच एक फेरी मारून इलंय," विक्रेता सांगतो. ती फेरी सकाळी साडेपाचला, चौघांनी मिळून, थंड इंजिन कसंबसं पेटवल्यानंतरची असते. चाचणी गरम इंजिनावर करायची हे खरं; पण ते गरम गिऱ्हाइकासमोर व्हायला हवं.

"कंप्रेशन किती?" गिऱ्हाईक विचारतं.

"एकशेवीस!"

"दोन्ही?"

"चहा घेतलास काय? अगो, चहा टाक गो!"

विक्रेता खोटं बोलत नाही. वरचा एकशेवीस असतोच. खालच्याबद्दल त्याला कुणी नीट विचारलेलं नसतं. त्यातून जो फारच पुढचा, तो आदल्या रात्री खालच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून ठेवतो. ऑइल रिंगांभोवतीच्या फटी तात्पुरत्या बुजवतं आणि सुई वर जाते. मिस्त्री लोक हीच युक्ती निदानासाठी वापरतात: ऑइल घातल्यावर आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर गॅस्केटचा. आऊटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात, ऑइल एका बाजूला जमून बसतं, म्हणून इथे हे निदान तितकं पक्कं नाही. पण गिऱ्हाइकाला फसवण्याइतकं पक्कं नक्की आहे. सुरू होताच इंजिन पांढऱ्या धुराचा लोट सोडतं. "पावसाळ्यात बंद होतां ना," विक्रेता म्हणतो. तेव्हा एप्रिल महिना चालू असतो.

गिऱ्हाईकही काही कमी नसतं. त्याला किंमत पाडायची असते, म्हणून तो दोरी मुद्दाम सावकाश ओढतो. विक्रेता आपला गेज आणतो, गिऱ्हाईक आपला. एकाच सिलिंडरवर एक एकशेदहा दाखवतो, दुसरा पंचाण्णव. स्वस्त गेजांत आणि लांब-आखूड नळ्यांत एवढा फरक पडतो. दोघेही आपापल्या गेजची शपथ घेतात. शेवटी व्यवहार होतो तो दोन्ही गेज बाजूला ठेवून, गेल्या वर्षी कुणाचं इंजिन कितीला गेलं त्यावरून.

मामांच्या इंजिनाचं काय झालं? आकडे आले शंभर आणि अठ्ठ्याण्णव. म्हणजे कंप्रेशन कुठेही गेलेलं नव्हतं. मिस्त्रींनी टाकीतलं चार महिन्यांचं पेट्रोल ओतून दिलं, कार्बोरेटर धुतला, प्लग पुसून बसवले. सल्लागार क्रमांक तीनचा विजय झाला, पण तो नेमका जेवायला गेलेला होता. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. पुन्हा आळीपाळीने सगळ्यांनी ओढली. आजोबांनी दुसरी चिमूट मळायला घेतली. तासाभराने मिस्त्रींची नजर किल स्विचच्या रिकाम्या जागेवर गेली. क्लिप नसेल तर ठिणगी पडत नाही; चाचणीआधी ती काढली होती ती त्यासाठीच.

"भाच्या, क्लिप खंय हा?"

क्लिप भाच्याच्या बर्म्युडाच्या खिशात होती. बर्म्युडा आजीने दुपारीच भिजत टाकली होती. साबणाचा फेस लागलेली क्लिप जागेवर बसली आणि तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. मागून पाण्याची धारही आली. आजोबा उठले, धोतर झटकलं आणि जाता जाता म्हणाले, "बघलास? इलां ना कंप्रेशन?"

तेव्हा जुनं इंजिन बघायला जाणाऱ्यांनी एवढं करावं. इंजिन थंड ठेवायला आधी सांगावं आणि सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावं. चहा नंतर घ्यावा. गेज आपलाच न्यावा, दोन्ही सिलिंडरांना तोच लावावा आणि दोन्ही वेळा दोरी एकाच माणसाने सुई थांबेपर्यंत ओढावी. आलेले दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना शेजाऱ्याशी न करता आपल्याच इंजिनाशी करता येईल. आणि गेज कुणाला उसना दिलात, तर परत घेताना पेटी उघडून १४ चा खाचा भरलेला आहे ना, ते तिथल्या तिथे बघून घ्यावं.